दम संपताना तोंडात आलेला शब्द

गुडघा गेल्यावर मिलनं मला तीन महिने हजेरीपटावर ठेवलं. मग खात्याच्या साहेबांनी बोलावून विचारलं, ‘तुला खेळाशिवाय दुसरं काय येतं?’

‘घासाघीस,’ मी म्हणालो.

साहेब हसले. मी गंमत करत नव्हतो.

मिलनं मला कबड्डीसाठी घेतलं होतं. नाव विणकाम खात्यात आणि मी मैदानावर. त्यामुळे सात वर्षं मिलचा माणूस म्हणवून घेऊनही कापडाबद्दल मला काडीचं ज्ञान नव्हतं. बाहेर पडल्यावर पहिल्यांदा मी कापडाकडे नीट बघितलं. ज्यांच्या घरातच माग होते अशा विणकरांकडे जाऊन मी उभा राहायचो. ती माणसं आपसांत तेलुगू बोलायची, माझ्याशी मराठी, आणि माझ्या प्रश्नांनी वैतागली की पुन्हा तेलुगू. गिऱ्हाईक टॉवेल हातात घेतं तेव्हा आधी कोपराच का चुरगाळतं, मधला भाग का नाही, असं मी एकदा विचारलं. ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मी माझ्या टॉवेलांचे कोपरे दुहेरी शिवून घ्यायला लागलो. आधी सायकलवर आणि दोन वर्षांनी शुक्रवार पेठेत आठ फुटांच्या दुकानात माझा माल खपला तो त्या कोपऱ्यांवर.

दुकानात आलेल्या माणसाला टॉवेलासोबत एक गोष्ट फुकट मिळायची. पंचानं मला कसं लुटलं, ती.

ती अशी. आंतरमिल स्पर्धेचा अंतिम सामना. शेवटचं मिनिट, आम्ही एका गुणानं मागे. चढाई माझी. मी आत शिरलो, दोन गडी मारले आणि मागे फिरलो. मध्यरेषा हातभर राहिली होती तेवढ्यात शिट्टी वाजली. पंच म्हणाले, ‘कबड्डी सुटलं. हुतुतू म्हणालास.’ नियम सरळ आहे. चढाई करताना एका दमात ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत राहायचं, शब्द बदलला तर चढाई रद्द आणि गुण समोरच्याला. आम्ही हरलो. त्याच संध्याकाळी राज्याच्या संघासाठी निवडलेल्यांची यादी वाचून दाखवली. तिच्यात माझं नाव नव्हतं.

आता हुतुतू म्हणजे काय, तर तोच खेळ. आमच्या कुंभारीत लहानपणी आम्ही हुतुतूच म्हणत होतो. कबड्डी हा शब्द मी सोलापुरात शिकलो. पण शिकलो म्हणजे पक्का शिकलो होतो. सात वर्षं दुसरा शब्द तोंडातून गेला नव्हता. म्हणून मी सांगायचो की पंचानं चोरी केली. गावाकडचा गडी दिसला, तेव्हा हुतुतूचा आळ घ्यायला सोपा. गिऱ्हाईक च्‌ च्‌ करायचं. गोष्टीतला एक भाग मी वगळत असे. शिट्टीनंतर मी पंचांची कॉलर धरली होती आणि मला सोडवायला चार जण लागले होते.

वर्तमानपत्रात मी शिरलो तोसुद्धा भांडायलाच. आमच्या शहरातल्या एका चार पानी दैनिकानं एका सामन्याचा निकालच उलटा छापला. मी अंक घेऊन कचेरीत गेलो. टेबलावर आपटला.

‘तुमचा बातमीदार मैदानावर नव्हताच.’

संपादकांनी चष्म्यावरून बघितलं. ‘नव्हता. तापानं पडलाय. तुम्ही होतात?’

‘व्हतो.’

‘मग लिहा की तुम्हीच. बसा. कागद तिकडे आहेत.’

मी बसलो. एक पान लिहायला दुपार गेली. संपादकांनी पाच मिनिटांत त्यातलं निम्मं खोडलं, आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी छापून आलं तेव्हा मला त्यात काही कमी वाटेना. हे कसं होतं? काय खोडायचं हे या माणसाला सामना न बघता कसं कळलं? मी पुन्हा गेलो. पुन्हा लिहिलं. छपाईच्या खोलीत खिळे जुळवणारे लोक उलटी अक्षरं सुलट्यासारखी भराभरा वाचायचे, ते बघत मी उभा राहायचो. दर आठवड्याला माझा मजकूर यायला लागला. वर फक्त ‘आमच्या क्रीडा प्रतिनिधीकडून’. मी नाव मागितलं. संपादक म्हणाले, नाव मोठ्या लेखाला देतो, बातमीला नाही. बरीच ओढाताण झाली. शेवटी बातमीखाली माझ्या दुकानाच्या जाहिरातीची चौकट फुकट छापायची, यावर मिटलं. मला वाटलं मी जिंकलो. संपादकांनाही तसंच वाटत असावं.

मग स्पर्धांवाले मला माइकवर बोलवायला लागले. मैदानावर काय चाललंय ते लाउडस्पीकरवरून सांगायचं. इथे मला एक शोध लागला. चढाई सुरू झाली की मी श्वास भरायचो आणि गडी परत येईपर्यंत मध्ये न थांबता बोलायचो. मुद्दाम नाही, सवयच ती. लोकांना ते आवडलं. पाठीमागे बसलेल्या बायका, ज्यांना मैदान दिसतसुद्धा नव्हतं, त्या माझा श्वास संपेल तशा पुढे सरकायच्या. स्पीकर भाड्यानं देणारे चाचा म्हणाले, ‘सेठ, ये दम बेचो. टांगे पे बिठाता मैं तुमकू.’ टांग्यावर कर्णे बांधून गावभर सिनेमाची, सर्कशीची, दुकानांची जाहिरात व्हायची. मी ती करायला लागलो. एका श्वासात दुकानाचं नाव, पत्ता, माल, आणि शेवटी गिऱ्हाइकाला हाक.

तर अशा रीतीनं मी टॉवेल विकत, लिहीत आणि ओरडत होतो, तेव्हा एक दिवस संपादकांनी स्वतःहून बोलावलं. मोठी स्पर्धा येत होती, खास पान काढायचं होतं.

‘तुमच्या खेळाच्या आठवणी लिहा. अर्धं पान. वर तुमचं नाव.’

‘काय वाटेल ते लिहू?’

‘वाचतील असं लिहा.’

संपादकांना ठाऊक नव्हतं, पण मला होतं. त्याच स्पर्धेत एका पंचांचा सत्कार व्हायचा होता. ते शाळेत कवायत शिकवायचे, सगळे त्यांना गुरुजी म्हणत. पंच म्हणून त्यांची ही शेवटची स्पर्धा. आणि ते माझेच पंच होते.

दुकानात गल्ल्यावर बसून मी लेख लिहिला. त्या दिवशी आलेल्या गिऱ्हाइकांना गोष्ट सांगितली नाही, सगळी कागदावर घातली. मथळा दिला, ‘शिट्टीची चोरी’, आणि ज्यानं विचारलं त्याला तो वाचूनही दाखवला. गुरुजींचं नाव दोनदा घातलं. शुक्रवारी मजकूर द्यायचा होता. अंक सत्काराच्या दिवशी सकाळी निघणार होता.

बुधवारी चाचांकडे गेलो होतो. त्यांनी एक टेपरेकॉर्डर आणला होता. जाहिरात एकदा भरून घ्यायची आणि टांग्यावरून तीच पुन्हा पुन्हा लावायची. मला घसा फोडायला नको, असा बेत. मी माइकसमोर बसलो, श्वास भरला आणि माझ्याच दुकानाची जाहिरात म्हणून टाकली. शेवटी ‘या, या, या, या’ असं श्वास संपेपर्यंत. चाचांनी फीत मागे घेतली आणि लावली.

स्वतःचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो. हा कोण नाकातून बोलतोय, असं वाटलं. मग शेवट आला. ‘या, या, या, बर्री, या, या, बर्री, या, बर्री, बर्री, बर्री.’

चाचा माझ्याकडे बघायला लागले. ‘आखिर में कन्नड में कायकू गए?’

‘मी न्हाई गेलो.’

‘बर्री बोले तुम.’

‘न्हाई म्हणालो, चाचा. मी या-या म्हणालो. मला म्हाईत हाय मी काय म्हणालो ते!’

‘तो मशीन झूट बोलरी? मशीन को कन्नड आती क्या?’

बर्री म्हणजे ‘या’च. आमच्या घरात आई-वडील कन्नडच बोलत, बाहेर मराठी. मी फीत चार वेळा ऐकली. पहिला ‘बर्री’ मध्येच येऊन गेला होता आणि मी पुन्हा ‘या’वर आलो होतो. मग दुसरा, पुन्हा ‘या’. मग श्वास तळाला लागला आणि पुढे सगळं कन्नड. हे सगळं मीच केलं होतं आणि मला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

मी चाचांना म्हटलं, पुन्हा भरा. या वेळी मी कबड्डी म्हणतो.

बसून म्हटलं. शेवटपर्यंत कबड्डीच आलं. मी चाचांकडे विजयानं बघितलं. मग मनात आलं, आता माझं लक्ष आहे म्हणून येतंय. मैदानावर लक्ष शब्दावर कुठं असतं? ते समोरच्याच्या पायावर असतं. चाचांच्या अंगणात मी धोतर खोचलं आणि एका गुडघ्यावर लंगडत चढाई केली. समोर पाण्याची दोन पिंपं गडी म्हणून. चाचा माइक घेऊन माझ्यामागे, त्यांच्यामागे वायर. तिसऱ्या फेरीला वायर पिंपात अडकली आणि चाचा म्हणाले, आता तुम्ही घरी जा. फितीवर नुसती धाप आली होती. शब्द कळत नव्हता.

म्हणजे यंत्रानं निकाल दिला नाही. नुसता संशय घातला. तो रात्रभर चावत राहिला असता, म्हणून मी घरी न जाता तसाच गुरुजींकडे गेलो. त्या सामन्यानंतर आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. मैदानावर ते दिसले की मी माइकवर त्यांना नुसतं ‘पंच’ म्हणायचो, नाव घ्यायचो नाही.

गुरुजी अंगणात टेबल टाकून पांढऱ्या विजारीवर कोळशाची इस्त्री फिरवत होते. अंगात नुसती बंडी.

‘ये,’ ते म्हणाले. ‘कॉलर धरायला आला असशील तर आज सदरा नाही अंगात.’

मी उभाच राहिलो. ‘गुरुजी, एकच इचारायचंय. मी त्या दिवशी काय म्हणालो?’

‘हुतुतू.’ कोणत्या दिवशी हे त्यांनी विचारलं नाही. इस्त्री चालू होती.

‘किती वेळा?’

हा प्रश्न मी ठरवून आणला नव्हता. फितीवरचे तीन झटके डोक्यात होते, म्हणून निघाला. गुरुजींचा हात थांबला. ते माझ्याकडे बघत राहिले आणि इस्त्री होती तिथंच राहिली.

‘गुरुजी, विजार!’

त्यांनी ती उचलली. पिवळसर डाग पडला होता. त्यावर पाणी शिंपडत ते म्हणाले, ‘तीनदा.’

‘आन शिट्टी?’

‘तिसऱ्यांदा. पहिल्यांदा आत शिरलास तेव्हाच गेला होता शब्द. वाटलं, गावाकडची सवय आहे, सावरेल. सावरलास. पुन्हा गेला. पुन्हा सावरलास. तिसऱ्यांदा समोरच्या कप्तानानं माझ्याकडे वळून बघितलं. मग काय करणार?’

मी आलो होतो ते चोरी झाली की नाही हे बघायला. चोरी झाली नव्हती. उलट दोनदा मला दान मिळालं होतं. आणि तरी मला आला तो संतापच.

‘पहिल्यांदाच का न्हाई वाजवली?’ मी ओरडलो. ‘तवा मी एकबी गडी मारला नव्हता! एक गुण गेला असता, त्यांची चढाई आली असती, त्यांचा गडी आमी धरला असता, मग पुन्हा माझी चढाई व्हती! तुमी दया केली न्‌ माझा सामना घालवला!’

‘ते खरं आहे,’ गुरुजी म्हणाले.

भावात समोरचा ‘नाही’ म्हणाला तर मला शंभर वाटा ठाऊक आहेत. ‘हो’ म्हणाला की मी अडतो.

त्यांच्या पत्नीनं कडक भाकरी आणि शेंगांची चटणी आणून ठेवली. मी बसलो. गुरुजींनी विजारीची घडी घातली, डाग आतल्या बाजूला करून.

‘तू मला चोर म्हणतोस ते ठाऊक आहे,’ ते म्हणाले. ‘तुझ्याकडून टॉवेल घेतलेले लोक माझ्या दारावरूनच जातात. आता लिहिणार आहेस म्हणे. लिही. पण दोनदा सोडलं ते लिहू नकोस. पंचानं चूक केली म्हटलं तर मला चालेल. कान असून चुकतो माणूस. पण ऐकून सोडून दिलं, हे निघालं तर मी केलेल्या प्रत्येक सामन्यावर लोक बोट ठेवतील. आणि ते बरोबर असेल.’

‘बदल्यात काय?’ मी विचारलं. मला कुणी काही मागितलं की हे तोंडातून आपोआप निघतं.

‘काय पाहिजे?’

मागणी न ठरवता मी सौद्याला कधी बसलो नव्हतो. भाकरी मोडली. मग म्हणालो, ‘यादीतलं माझं नाव तुमी खोडलं का?’

‘नाही.’

‘मग कुणी?’

‘कुणीच नाही. नाव होतं. सामना संपेपर्यंत होतं. तुझ्या हातातली माझी कॉलर सगळ्या मैदानानं बघितली, बाबा. निवड समिती पहिल्या रांगेत होती.’

माझ्या मागणीचं उत्तर मिळालं होतं. सौदा झाला होता, आणि मी शब्द देण्याआधी मुदत ठरवतोच. ‘कुटपर्यंत लिवायचं न्हाई?’

‘मी आहे तोवर,’ गुरुजी म्हणाले.

गुरुवारी मी दुकान उघडलं नाही. जुना लेख फाडण्याआधी मी पुन्हा एकदा वाचला, हे कबूल करतो. तो चांगला लिहिला होता. नव्यात मी लिहिलं की मी कुंभारीचा, दम संपताना माझ्या तोंडात लहानपणचा शब्द आला, पंचांनी शिट्टी वाजवली ती बरोबर होती, आणि मी त्यांची कॉलर धरली म्हणून मला राज्याच्या संघात जागा मिळाली नाही. सात वर्षं मी लोकांना दुसरंच सांगत होतो, हेही लिहिलं. तीनदाचं लिहिलं नाही.

संपादकांनी वाचला. त्यांना कुणीतरी जुन्या लेखाचं कानावर घातलं होतं.

‘यात काय आहे? तो चोरीचा कुठाय?’

‘फाडला.’

‘त्या पंचांनी काय दिलं तुम्हाला?’

टेबल मध्ये होतं म्हणून बरं. मी दोन्ही हात खिशात घातले. ‘लेख छापताय की न्हाई तेवढं सांगा.’

‘छापतो. पण लांब झालाय. शेवटचा कॉलरचा परिच्छेद काढावा लागेल. खाली तुमच्या दुकानाची चौकट आहे, तिची जागा ठरलेली आहे.’

चौकटीसाठी मी या माणसाशी तीन दिवस भांडलो होतो, आणि दर आठवड्याला तिच्यातून गिऱ्हाईक यायचं. ‘चौकट काढा,’ मी म्हणालो. ‘या खेपेला.’ ‘या खेपेला’ हे शब्द मी दोनदा म्हटले, नाहीतर कायमची काढली असती.

अंक निघाला. माझं नाव वर होतं, मोठ्या टाइपात. त्या दिवशी मैदानावर मी माइकवर होतो. गुरुजींना नारळ आणि शाल दिली तेव्हा मी त्यांचं पूर्ण नाव घेतलं. त्यांनी मंडपातून एकदा माझ्याकडे बघितलं. विजार तीच होती. डाग ठाऊक होता म्हणून मला दिसला.

सोमवारी दुकानात एक माणूस आला. पोट सुटलेलं, हातात घडी केलेला अंक. मी ओळखलं नाही. तो ओळखीचं हसला तेव्हा कळलं. अंतिम सामन्यातला समोरचा कप्तान. आता बँकेत होता.

‘वाचलं,’ तो म्हणाला. ‘धाडस केलंस. पण अर्धंच लिहिलंस की गड्या.’

‘काय अर्धं?’

‘हुतुतू तू एकदा म्हणालास व्हय? तीनदा म्हणालास. म्हाताऱ्यानं दोनदा सोडलं तुला. मी तवाच तक्रार करणार होतो, पण आमी जिंकलो म्हणून गप बसलो. आता तूच काढलंस तर लिही की पुरतं. नाहीतर मी पत्र टाकतो पेपरात.’

तो मस्करी करत होता की खरं बोलत होता, ते मला त्याच्या तोंडावरून कळेना. भाव करताना मी नेहमी माणसाच्या हाताकडे बघतो. त्याचा हात टॉवेलाच्या कोपऱ्यावर होता, पण तो कोपरा बघत नव्हता. खरं बोलत होता. चार दिवसांपूर्वी मी त्या सामन्याबद्दल पहिल्यांदा खरं लिहिलं होतं, आणि आता त्याच बाबतीत मला समोरासमोर खोटं बोलायचं होतं.

‘एकदाच म्हणालो,’ मी म्हटलं.

‘तीनदा. मी मोजले होते.’

‘मोजत बसलास म्हणूनच मी तुझे दोन गडी मारून निघालो होतो,’ मी म्हणालो. ‘पकडायचं सोडून मोजतोय, आणि म्हणं कप्तान! हे टाक की पेपरात. मी छापून देतो. नावानिशी.’

दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. त्यानं एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग तोही हसला, पण वेळ लावून.

‘तू काय सुधरायचा न्हाईस,’ तो म्हणाला आणि अंक काखेत मारला. ‘हा टॉवेल केवढ्याला?’

मी दुसऱ्याला सांगतो त्यापेक्षा जास्तच सांगितला. त्यानं घासाघीस केली नाही. पत्र कधी आलं नाही, आणि गुरुजी होते तोवर तीनदाचं मीही लिहिलं नाही.